शेवटचे पाच

सॅटेलाइट फोनवर गातिनोच्या कचेरीतली मुलगी विचारते,
उद्यानाचं नेमकं स्थान सांगा. आणि विस्तार.
नवीन असावी. मागे कॉफीच्या यंत्राची घरघर.
मी म्हणते, थांब हं, बाहेर डोकावून बघते.
ती हसत नाही.

नावाची अक्षरं तिला तीनदा सांगावी लागली,
अर्थ एकदाच : जगाचा माथा.

लिही, ब्याऐंशी अंश उत्तर, बहात्तर पश्चिम.
म्हणजे कुठे, मॅडम?
म्हणजे एल्समिअर बेटाच्या टाळूवर.
आमच्या गावाहून छोट्या विमानाने सव्वादोन तास,
ढगांनी हो म्हटलं तर.
नाही म्हटलं तर मंगळवारी.
पलीकडे शेजार म्हणावा असा फक्त समुद्र,
तोही बहुतेक वेळ दार लावून बसलेला.

माझा मामा क्यप्पियक पितळी होकायंत्र बाळगायचा.
इथे आलं की त्याची सुई
रुसलेल्या जावयासारखी नैर्ऋत्येला तोंड करून बसे.
चुंबकाचा ध्रुव तेव्हा आमच्या खाली होता.
मग तो उठला, वर चालत गेला,
समुद्र ओलांडून सायबेरियाच्या वाटेला लागला.
सुई आता वळलीय. मामा ते बघायला राहिला नाही.
उत्तरसुद्धा बिऱ्हाड हलवते
हे मुलीला सांगावं का?
तिला हवं आहे दुसरं उत्तर.

सदतीस हजार सातशे पंच्याहत्तर चौरस किलोमीटर.
पंच्याहत्तर? ती खात्री करून घेते.
हो, पंच्याहत्तर.

त्यातले शेवटचे पाच कुठले असतील,
हा विचार मला भांडी घासताना नेहमी येतो.
हेझन तळ्याकाठी विलोची झाडं आहेत, करंगळीएवढी,
काहींचं वय माझ्याहून जास्त.
तिथले का?
की दगडांचं ते रिंगण, मधोमध चूल,
चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी
कस्तुरी बैलाचं हाड फोडून उठलं
आणि परत आलंच नाही, तिथले?
की किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फाच्या फळीचे,
जी तुकड्यातुकड्याने सुटून जाते,
आणि आकडा मात्र जागचा हलत नाही?

आई अंतर झोपांत मोजायची.
दोन झोपा. पाच झोपा. वारा असला तर सात.
सात वर्षांची असताना तिला जहाजातून आणून
या बेटाच्या दक्षिण टोकाला उतरवलं,
शिकार भरपूर आहे असं सांगून.
पहिल्या हिवाळ्यात सूर्य गेला तो
तीन महिने आलाच नाही,
याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.
दूर कुठल्याशा खोलीत कुणीतरी
नकाशावर रिकामी जागा पाहिली होती.
म्हातारपणी ती पुष्कळ शब्द विसरली.
रिकामी हा शब्द कानावर पडला
की मात्र हातातलं शिवण खाली ठेवायची.

काही शेरा आहे का? मुलगी विचारते. शेऱ्याला एक ओळ आहे.
खिडकीबाहेर एक पांढरा ससा
मागच्या दोन पायांवर उभा राहून
माझ्या इंधनाच्या पिंपाची तपासणी करतोय.
शेरा नाही, मी म्हणते.

फोन ठेवण्याआधी ती जरा घुटमळते.
मॅडम, तुमच्याकडे आत्ता किती वाजलेत?
चार वाजून दहा.
अय्या! इथेही.
हो. घड्याळ एकच आहे आपलं.
कॉफीचं यंत्र थांबलेलं असतं.
मग तसं फार लांब नाही, ती म्हणते,
अर्धं मला, अर्धं स्वतःला.

रेषा तुटते. दोन मिनिटं मी रिसीव्हर हातात धरून उभी.
शेवटचे पाच तिचे असू देत.
कागद करायची गरज नाही.
ससा पिंप पास करून पुढे गेलाय.